ओसरलेले वादळ आणि हिमालय

12 ऑक्टोबर 2014 रोजी भर दुपारी ‘हुदहुद’ हे अतितीव्र चक्रीवादळ विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा ताशी 170 ते 180 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने त्या शहराची, तेथील विमानतळाची आणि रस्त्याकडेच्या वृक्षराजीची जी दैना केली, तिची वर्णने वृत्तपत्रांतून सविस्तर आली. आणि लाखो लोकांना आगाऊ सुरक्षित स्थळी हलवण्याचा बंदोबस्त चोख ठेवल्यामुळे मनुष्यहानी पुष्कळ आटोक्यात राहिली, याचेही यथोचित कौतुक झाले. पुढे छत्तीसगढच्या अरण्यमय मुलखावरून उत्तरेस सरकता सरकता वादळाचा जोर ओसरला, पूर्व उत्तर प्रदेशात पोहोचेतो ते केवळ एक कमी दाबाचे क्षेत्र होऊन राहिले, आणि किनाऱ्यापुरते पाहिले तर ते प्रकरण दफ्तरदाखल झाले. पण त्याच महिन्याच्या 14 तारखेस, विशाखापट्टणपासून सुमारे 1,200 किलोमीटर उत्तरेस, नेपाळातील अन्नपूर्णा व धौलागिरी यांच्या परिसरात या ओसरलेल्या वादळाने जो हिमवर्षाव आणि जे हिमप्रपात घडवले, त्यांत किमान 43 माणसे मृत्युमुखी पडली.

मरू घातलेल्या वादळात हे सामर्थ्य कोठून आले, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. चक्रीवादळाचे इंधन म्हणजे उष्ण समुद्र. पृष्ठभागाचे पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर तापलेले असले, की त्याची वाफ वर चढून पुन्हा पाणी होताना जी सुप्त उष्णता मोकळी करते, तिच्यावर त्याचा सारा डोलारा उभा असतो. भूमीवर येताच ही रसद तुटते, झाडाझुडपांच्या आणि डोंगरांच्या घर्षणाने वारा दमतो, आणि वादळाची प्रतवारी आपण वाऱ्याच्या वेगावरूनच करीत असल्याने कागदोपत्री ते एकेक पायरी उतरू लागते. परंतु बंगालच्या उपसागरातून उचलून आणलेल्या बाष्पाचा अफाट साठा एवढ्यात सरत नाही. वारा जिरल्यावरही तो वातावरणाच्या मधल्या व वरच्या थरांत दोन-तीन दिवस टिकून राहतो, आणि त्यास पुढे ओढून नेणारा कोणी भेटला तर दूर जाऊनही रिता होऊ शकतो. हुदहुदच्या वेळी असा ओढून नेणारा सज्जच होता. ऑक्टोबरात हिमालयाच्या माथ्यावर पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांचा अंमल पुन्हा सुरू होतो. त्या दिवसांत त्यांच्या प्रवाहास एक खोल बाक पडला होता, आणि त्या बाकाच्या पूर्वांगाने उत्तरेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांनी वादळाचे अवशेष थेट पर्वताच्या अंगावर नेऊन घातले.

यापुढचे काम पर्वताने केले. सह्याद्री चढणारे मोसमी ढग महाबळेश्वरास झोडपून काढतात आणि पलीकडच्या वाईस त्याचा अल्पांशच लाभू देतात, हे आपल्या नित्य पाहण्यातले आहे; तोच न्याय येथे सह्याद्रीच्या कित्येक पट उंचीवर लागू झाला. उतारावर रेटली जाणारी दमट हवा दर हजार मीटरांस सुमारे सहा अंशांनी थंड होते, आणि थंड हवेस तितके बाष्प पेलवत नसल्याने उरलेले खाली पडते. सखल प्रदेशात त्याचा पाऊस झाला, वर हिम झाले; आणि एक सेंटिमीटर पाण्याचे ताजे हिम साधारणतः दहा सेंटिमीटर जागा व्यापते, हे ध्यानी घेतले म्हणजे बारा तासांत माणूस कमरेपर्यंत कसा रुततो, याचा उलगडा होतो.

थोरोंग ला ही 5,416 मीटर उंचीची खिंड अन्नपूर्णेच्या प्रदक्षिणामार्गावरचे सर्वोच्च स्थान होय. पूर्वेकडील मुक्कामावरून वाटसरू पहाटेच्या अंधारात निघतात, वारा उठण्यापूर्वी खिंड गाठतात आणि पलीकडे सुमारे 1,600 मीटर उतरून मुक्तिनाथास पोहोचतात. दसरा उलटला होता, दिवाळी तोंडावर होती. पावसाळा सरून आकाश निवळण्याचे, म्हणजे पदभ्रमणाच्या ऐन हंगामाचे ते दिवस असल्याने मार्गावर गर्दी होती, आणि हिम पडू लागले असताही पुष्कळजण वर चढले. खिंडीवर चहाचे एक छोटे दगडी घर आहे. त्यात मावतील तेवढे लोक दाटीवाटीने शिरले. जे खाली उतरू लागले त्यांना वाट दाखवणारे खांबही दिसेनात. भूमी आणि आकाश यांची सरहद्द पुसून टाकणाऱ्या त्या श्वेत अंधारात कित्येकजण वाट चुकून थंडीने गारठून गेले, तर कित्येकांस तीव्र उतारांवरून सुटलेल्या हिमाने गाडले. मृतांत परदेशी प्रवासी होते, तसेच त्यांचे नेपाळी वाटाडे, हमाल आणि याक चारणारे गुराखीही होते. या शेवटच्यांची आठवण बातम्यांत फार अल्पकाळ टिकली, याचे मला मनापासून दुःख वाटते. आकाश निवळल्यावर नेपाळी सेनेच्या हेलिकॉप्टरांनी आणि पायी गेलेल्या पथकांनी शेकडो लोकांना सुखरूप खाली आणले.

हा प्रकार अपूर्व नव्हता. नोव्हेंबर 1995 मध्येही बंगालच्या उपसागरातील एका वादळाचे अवशेष असेच एव्हरेस्टच्या मुलखात पोहोचले होते, आणि गोक्योच्या वाटेवरील एका मुक्कामावर जपानी पदभ्रमणकारांचा तांडा त्यांच्या नेपाळी सोबत्यांसह हिमाखाली गाडला गेला होता. 2014 साली तर वादळाचा मार्ग भारतीय हवामान खात्याने कित्येक दिवस आधी वर्तवला होता. पण ती खबर ज्या तत्परतेने आंध्रच्या कोळीवाड्यांत पोहोचली, त्या तत्परतेने ती थोरोंग लाच्या पूर्वेकडील मनांगच्या धर्मशाळांत पोहोचवण्याची तजवीज कोणत्याच यंत्रणेने केलेली नव्हती. हे सांगण्याचे प्रयोजन असे, की मुक्तिनाथाच्या दर्शनास आणि गंडकीच्या शाळिग्रामांच्या ओढीने महाराष्ट्रातूनही भाविक जातात, आणि पुष्कळदा नेमक्या याच ऋतूत जातात. त्या दिवसांत उपसागरात वादळ असेल, तर त्याचा वारा मंदावला की नाही एवढ्यावर विसंबू नये; त्याचे बाष्प कोणत्या दिशेने निघाले आहे आणि वरचे वारे त्यास कोठे नेत आहेत, याची चौकशी खालच्या गावातच करावी, आणि ‘हिमालयाकडे’ असे उत्तर आले तर आकाश कितीही निरभ्र दिसो, दोन दिवस खालीच मुक्काम वाढवावा.