शत्रूची भाषा आणि गुप्तवार्ता-विश्लेषकाची पात्रता

लष्करी गुप्तवार्ता म्हटली की वेषांतर करून शत्रूच्या मुलखात शिरलेला हेरच सामान्यतः डोळ्यांसमोर येतो. परंतु हेराने आणलेली बातमी आणि सेनापतीने घेतलेला निर्णय या दोहोंच्या दरम्यान आणखी एक मनुष्य बसलेला असतो. तो सहसा रणांगणावर जात नाही. पकडलेले कागद, वाटेत टिपलेल्या तारा, कैद्यांच्या जबान्या आणि विमानातून घेतलेली छायाचित्रे त्याच्या मेजावर येऊन पडतात. त्यांतून शत्रू कोठे आहे, किती आहे व काय करू पाहतो हे त्याने सांगावयाचे असते. या गुप्तवार्ता-विश्लेषकाचे काम बहुतांशी अर्थनिर्णयाचे आहे, आणि म्हणूनच भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्याकडे लक्ष देणे अप्रस्तुत ठरू नये.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे जर्मन भूसेनेच्या व वायुसेनेच्या उकललेल्या तारा ‘हट तीन’ या विभागात येत. उकललेली तार म्हणजे सुवाच्य मजकूर नव्हे. ग्रहण नीट न झाल्याने मधली अक्षरे गळालेली असत, संक्षेपांचा सुळसुळाट असे, आणि एखाद्या पथकाचे नाव अर्धेच हाती लागे. पाळीवरील मंडळी प्रथम पाठ निश्चित करीत, मग भाषांतर करीत. सल्लागार अधिकारी त्याचे लष्करी महत्त्व तपासून टिपण लिहीत. आणि प्रत्येक नाव, हुद्दा व ठिकाण सूचीच्या कार्डांवर चढविले जाई. या सूचीखेरीज विश्लेषण म्हणजे नुसता तर्क होय. एखाद्या अधिकाऱ्याची बदली ही एकटी बातमी क्षुल्लक. परंतु तो अधिकारी कोणत्या दलाचा हे कार्डावरून कळले की त्या दलाच्या हालचालीचा माग लागतो.

या विभागाचा एक नियम पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याने लक्षात घेण्याजोगा आहे. गळालेला शब्द अनुमानाने भरला, तर ते अनुमान प्रबळ आहे, मध्यम आहे की दुर्बळ आहे, हे ठरलेल्या शब्दांत नमूद करावे लागे. आणि विश्लेषकाचे भाष्य मूळ मजकुरापासून अलग ठेवावे लागे. हस्तलिखितांचे संपादन करणारा विद्वान हेच करतो. फरक इतकाच, की येथे पाठ चुकला तर त्याची किंमत दूरच्या एखाद्या आघाडीवर सैनिकांना मोजावी लागे.

मग अशा कामावर घ्यावे कोणाला? जपानशी युद्ध सुरू झाले तेव्हा हा प्रश्न तीव्रतेने उभा राहिला, कारण जपानी जाणणारे लोक ब्रिटनमध्ये व अमेरिकेत अत्यल्प होते. अडचण केवळ अनोळखी शब्दांची नव्हती. जपानी वाक्यात कर्ता पुष्कळदा अध्याहृत असतो. क्रियापद शेवटी येते, हे मराठी भाषकाला नवल नाही, पण इंग्रजी भाषकाला तो उलटा प्रवास वाटतो. शिवाय तारेतून चिन्हलिपी पाठविता येत नाही, उच्चारदर्शक अक्षरेच जातात. त्यामुळे लिहिताना सहज वेगळे दिसणारे शब्द तारेत एकरूप होतात. ‘कोओशोओ’ म्हणजे वाटाघाटी, आणि ‘कोओशोओ’ म्हणजेच सरकारी शस्त्रनिर्मितीचा कारखाना! हाती आलेली रोजनिशी वा आज्ञापत्र असेल तर अडचण निराळी. ‘सोओशो’ या धावत्या वळणाच्या लेखनात अक्षरांचे मूळ रूपच विरून जाते. मोडीतील जुने कागद ज्याने वाचले आहेत, जेथे ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत आणि लेखकाने हात उचललेला नाही, त्याला या कामाची जात चटकन समजेल.

ब्रिटिशांनी या प्रश्नाचे दिलेले उत्तर काहीसे धाडसाचे होते. लंडनच्या पौर्वात्य विद्यालयाच्या मते जपानी शिकण्यास निदान दोन वर्षे हवी होती. ब्लेचली पार्कचे जॉन टिल्टमन यांनी तो सल्ला बाजूस सारला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये बेडफर्ड येथे सुमारे पाच महिन्यांचा वर्ग काढला. शिक्षक होते पासष्टी गाठलेले निवृत्त नौदल अधिकारी ऑस्वाल्ड टक. त्यांनी जपानी भाषा बव्हंशी स्वतःच्या बळावर आत्मसात केली होती. विद्यार्थी घेतले ते ऑक्सफर्ड-केंब्रिजमधील, प्रामुख्याने ग्रीक-लॅटिनचे. जपानी कोणालाच येत नव्हती. संभाषण शिकविण्याच्या भरीस न पडता तारेची लिखित भाषा तेवढी शिकवायची, हे सूत्र होते आणि ते यशस्वी ठरले. मृत भाषेतील बिकट उतारा व्याकरणाच्या आधाराने सोडविण्याची सवय हीच येथे खरी पात्रता मानली गेली. पहिल्या तुकडीतील मायकेल लोवे पुढे चीनच्या हान काळाचे नामवंत इतिहासकार झाले. या वर्गांतून बाहेर पडलेले काही जण दिल्लीस, आनंद पर्वतावरील रामजस महाविद्यालयाच्या इमारतीत भरलेल्या गुप्तवार्ता-केंद्रात, कामाला लागले.

अमेरिकेचे उत्तर अगदी वेगळे, आणि अधिक वेदनादायक. तेथे जपानी स्थलांतरितांची अमेरिकेत जन्मलेली मुले, म्हणजे निसेइ, सैन्यात होती. १९४१ मध्ये अशा सुमारे ३,७०० सैनिकांची परीक्षा घेण्यात आली, तेव्हा अस्खलित जपानी येणारे जेमतेम तीन टक्के निघाले. घरात बोलली जाणारी भाषा आणि लष्करी आज्ञापत्राची भाषा यांतील अंतर या आकड्याने उघडे केले. १ नोव्हेंबर १९४१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे विमानांच्या एका रिकाम्या शेडमध्ये साठ विद्यार्थ्यांचा वर्ग सुरू झाला. त्याचे मुख्य अध्यापक जॉन आयसो हे हार्वर्डचे कायदेपंडित. सैन्यात भरती झाल्यावर त्यांना वाहनदुरुस्तीच्या कामाला जुंपले होते!

पुढे १९४२ च्या आदेशानुसार पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे सव्वा लाख लोकांना छावण्यांत कोंडण्यात आले. शाळाही मिनेसोटात हलवावी लागली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सैन्याचे अधिकारी त्याच छावण्यांत दुभाषे शोधण्यास गेले. ज्या वंशामुळे हे तरुण संशयित ठरले होते त्या वंशाची भाषाच त्यांची पात्रता ठरली. आईवडील काटेरी तारेआड असताना निष्ठेची कसोटी मात्र मुलांनी द्यावी, यातील विसंगती कोणत्याही नियमावलीत बसत नाही. या शाळेतून सुमारे सहा हजार जण शिकून बाहेर पडले.

त्यांपैकी चौदा जण फ्रँक मेरिल यांच्या तुकडीबरोबर ब्रह्मदेशात लढले. ही तुकडी ऑक्टोबर १९४३ च्या अखेरीस मुंबईला उतरून देवळालीच्या छावणीत आली होती. तीतील रॉय मात्सुमोतो हे आर्कान्सामधील जेरोम छावणीतून सैन्यात दाखल झाले होते. एप्रिल १९४४ मध्ये न्फुम गा या टेकडीला वेढा पडला असता ते रात्री सरपटत शत्रूच्या जवळ गेले व पहाटेच्या हल्ल्याचा बेत त्यांनी ऐकला. ते सैनिक क्यूशू बेटावरचे, त्यांची बोली प्रमाण जपानीहून बरीच निराळी. परंतु युद्धापूर्वी लॉस एंजेलिसमध्ये घरोघर वाणसामान पोहोचविताना मात्सुमोतोंच्या कानांवर ती बोली पडली होती. बेत आधीच कळल्याने बचाव करणारे खंदक सोडून मागे सरले. हल्लेखोर रिकाम्या खंदकांत येऊन अडखळले, तेव्हा मात्सुमोतोंनीच जपानीत चढाईची आज्ञा ओरडून दिली, आणि पुढची फळी माऱ्यात सापडली. बोलीभाषेचे ज्ञान हा कोणत्याही अर्जातील रकाना नव्हता.

आज अमेरिकी भूसेनेत विश्लेषकाच्या प्रारंभीच्या पदासाठी नागरिकत्व, अभियोग्यता-चाचणीत ठराविक गुण आणि सर्वोच्च गोपनीयतेची सुरक्षा-मान्यता आवश्यक असते. परकी भाषा या अटींत नाही. भाषाज्ञांची पदे स्वतंत्र आहेत. कामाची ही विभागणी सोयीची असली तरी निर्दोष म्हणता येणार नाही. भाषांतरकाराने टाकलेले प्रश्नचिन्ह विश्लेषकाच्या अहवालात पोहोचेपर्यंत टिकेलच असे नाही, आणि मूळ न वाचणाऱ्याला ते पुसले गेल्याचे कळतही नाही. भाषाज्ञ मात्र आजही मुख्यतः कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील संस्थेत तयार होतात. ती संस्था आपला आरंभ १९४१ च्या त्या रिकाम्या शेडमधील वर्गापासून मोजते. निसेइ भाषाज्ञांच्या कामगिरीचे कागद १९७० नंतरच्या दशकात खुले झाले. त्यांच्या दलाला राष्ट्राध्यक्षांच्या नावे दिला जाणारा सामूहिक गौरव २००० साली मिळाला.