दुसऱ्यांच्या बाटलीतली द्राक्षे

वाइनवर लेख लिहिणार म्हटल्यावर वर्गातल्या मैत्रिणी हसल्या. आईला तर मी विषय अजून सांगितलेलाच नाही. वाइनचा थेंबही मी चाखलेला नाही, हे आधीच नमूद करते. पण द्राक्षाशी माझा संबंध लहानपणापासूनचा आहे. आमच्या तासगाव भागात आई दुसऱ्यांच्या बागांत थिनिंगला जाते; सुट्टीत मीही जाते. भूगोलाच्या तासाला सरांनी भूमध्य सागरी हवामान शिकवताना 'कोरडा उन्हाळा, पावसाळी हिवाळा, द्राक्षे व ऑलिव्ह' एवढे सांगितले आणि ते पुढे गेले. मी मात्र द्राक्षांपाशीच अडकले. ग्रंथालयात शोधता शोधता दक्षिण इटलीची हकीकत हाती लागली, ती येथे मांडते.

प्रथम तांबडी वाइन तांबडी कशी होते ते सांगायला हवे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पिळला तर तो जवळजवळ बिनरंगी निघतो. रंग असतो सालीत. म्हणून रस सालींसकट आंबवतात. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते आणि त्याच वेळी सालीतला रंग व तुरटपणा रसात उतरतो. हा तुरटपणा म्हणजे टॅनिन. जांभळे खाल्ल्यावर जीभ आखडते ना, तसाच काहीसा. ऊन जास्त तिथे द्राक्षात साखर जास्त, आणि साखर जास्त तिथे वाइन कडक. दक्षिण इटलीत उन्हाला तोटा नाही. आणि हाच गुण तिला भोवला.

उत्तरेकडच्या थंड भागात आणि फ्रान्समध्ये ज्या वर्षी ऊन कमी पडे, त्या वर्षीची वाइन फिकी व पातळ उतरे. मग तिच्यात दक्षिणेची काळीभोर, कडक वाइन मिसळायची! असल्या मिसळणीच्या मालाला इटालियन भाषेत 'व्हिनो दा ताल्यो' असे नावच आहे. 1860 नंतर फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या, तेव्हा तर पुल्या प्रांतातून आणि सिसिलीतून जहाजेच्या जहाजे भरून वाइन जाऊ लागली. शेतकऱ्यांनी कर्ज काढून वेली लावल्या. पुढे अमेरिकन खुंटावर कलमे करून फ्रान्सने आपल्या बागा सावरल्या, आणि 1888 साली फ्रान्स व इटली यांच्यात जकातीचे युद्ध जुंपले. बाजार बसला. पुल्यातला शेतकरी देशोधडीला लागला. (आमच्याकडेही वेल अमेरिकन डॉगरिजच्या खुंटावर असते, मात्र येथे कारण किडीचे नसून खारवट जमिनीचे व पाण्याच्या ताणाचे आहे.)

विसाव्या शतकातही हा माल टाक्यांत भरून उत्तरेकडे जातच राहिला. पिकवणाऱ्याचे नाव बाटलीवर नाही, गावाचे नाही, द्राक्षाच्या जातीचेही नाही. आईने ज्या घडाचे मणी एकेक करून विरळले, तो घड पेटीत जातो तेव्हा पेटीवर व्यापाऱ्याची छाप असते, हे मी पाहिलेले आहे. म्हणून हा भाग वाचताना मी बराच वेळ थांबले. त्यातच 1988 पासून युरोपीय समुदायाने जास्तीची वाइन कमी व्हावी म्हणून वेली उपटण्यासाठी पैसे देऊ केले. आपल्यासारखा मांडव नसलेल्या, तारेशिवाय झुडपासारख्या वाढवलेल्या पुल्यातल्या कितीतरी जुन्या वेली तेव्हा गेल्या.

तरीही काही माणसे हटली नाहीत. कंपानिया आणि बाझिलिकाता प्रांतांच्या डोंगराळ भागात अल्यानिको नावाची काळी जात आहे. ती फार उशिरा पिकते. तोडणी ऑक्टोबरच्या अखेरीस, कधी नोव्हेंबरातही. आंबटपणा व तुरटपणा दोन्ही भरपूर, त्यामुळे ताजी वाइन घशाखाली उतरणे कठीण. ताउराझी गावाच्या नावाने विकली जाणारी अल्यानिको किमान तीन वर्षे मुरवावी लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर जास्त उतारा देणाऱ्या जाती लावण्याची लाट आली, तेव्हा आंतोनियो मास्त्रोबेरार्दिनो यांनी ही जुनी जात सोडली नाही. त्यांच्या 1968 सालच्या वाइनची जाणकार आजही वाखाणणी करतात. 1980 च्या नोव्हेंबरात याच भागात प्रचंड भूकंप झाला, सुमारे तीन हजार माणसे दगावली. तरी वेली राहिल्या. 1993 साली ताउराझीला इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. तिला 'दक्षिणेची बारोलो' म्हणतात. बारोलो ही उत्तरेची नामांकित वाइन. मला ही उपमा काही आवडली नाही. उत्तरेचे माप लावल्याशिवाय दक्षिणेच्या मालाची स्तुतीसुद्धा होऊ नये का?

पुल्यातल्या प्रिमितिवोची गंमत निराळी. नावात 'आदिम' असे काही नाही. इतरांच्या आधी पिकते म्हणून ते नाव. कॅलिफोर्नियातली झिनफांडेल ही अमेरिकेची स्वतःची जात समजली जाई. डीएनए तपासणीत ती आणि प्रिमितिवो एकच निघाली, आणि 2001 साली दोघींचे माहेर क्रोएशियाच्या किनाऱ्यावर सापडले! तेव्हा 'देशी' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उरतोच. नेग्रोअमारो, सिसिलीची नेरो दाव्होला याही अशाच मिसळणीत खपलेल्या जाती. आता त्यांची नावे बाटलीवर ठळक दिसतात.

एटना ज्वालामुखीच्या उतारावर नेरेल्लो मास्कालेसे ही जात लाव्हाच्या काळ्या मातीत होते. तिथली वाइन पूर्वी पायथ्याच्या रिपोस्तो बंदरातून निनावी जाई. आता तेथे बाटलीवर गावाचेच नव्हे, तर त्या विशिष्ट शेतशिवाराचे नाव घालायलाही परवानगी आहे. आमच्या गावात 'चिंचेचा मळा', 'वरचा माळ' म्हणतात ना, अगदी तशीच ती नावे आहेत.