समन्स आले की वकील आधी गाठा

जीएसटीचे समन्स दुकानात आले की आमचा व्यापारी आधी अकौंटंटला फोन करतो, मग ओळखीच्या पुढाऱ्याला आणि सर्वांत शेवटी वकिलाला. तोवर जबाबावर सही होऊन गेलेली असते! आर्थिक गुन्ह्यांच्या चौकशीत बचावाचे काम करणाऱ्या वकिलांची बरीच शक्ती मग त्या सहीपासून अशिलाला सोडवण्यात खर्च होते.

कलम ७० खालचे समन्स म्हणजे अटक नव्हे. पण ते टाळताही येत नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे आपण ऐकून असतो. कस्टम्स आणि जीएसटीचे अधिकारी मात्र कायद्याच्या दृष्टीने पोलीस नव्हेत, त्यामुळे त्यांच्यापुढे लिहून दिलेले अंगाशी येते. म्हणून जाणता वकील हजेरीच्या आधीच बिले, ई-वे बिले, बँकेचे उतारे समोर मांडून बसतो. भंगाराच्या धंद्यात तर मागच्या पुरवठादाराचे बिल बोगस ठरले की इनपुट क्रेडिट अडकते. माल खरोखर आला होता, हे दाखवायला वजनकाट्याची चिठ्ठी आणि ट्रकची बिल्टी लागते. (बिल विकत घेणाऱ्यांची बाजू आम्ही मांडत नाही.) जे आठवत नाही त्याला 'कागद पाहून सांगतो' हेच उत्तर लिहवून घ्यावे. जबाब दबावाखाली झाला असेल तर तसे लगेच लेखी कळवावे. सहा महिन्यांनी घेतलेल्या हरकतीला वजन राहत नाही.

वकिलाला आत बसू देतात का? सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली पूलपांडी खटल्यात कस्टम्स चौकशीपुरता तसा हक्क नाकारला. पुढे काही प्रकरणांत वकिलाला दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसण्याची मुभा मिळाली. ती मागावी लागते.

सर्वांत वाईट वेळ झडतीच्या रात्रीची. 'आत्ताच चेक द्या, नाहीतर उचलतो' असे म्हटले की हातपाय गळतात. वास्तविक झडतीच्या वेळी कर वसूल करण्याचा प्रसंगच येऊ नये, असे अप्रत्यक्ष कर मंडळाने २५ मे २०२२ च्या सूचनेत आपल्याच अधिकाऱ्यांना बजावले आहे. राधिका अगरवाल खटल्याच्या निकालात, २७ फेब्रुवारी २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की धाक दाखवून भरून घेतलेल्या रकमेच्या परताव्यासाठी कोर्टात जाता येईल. अटकेची कारणे लेखी द्यावी लागतील आणि एफआयआर नसतानाही अटकपूर्व जामीन मागता येईल, असेही त्याच निकालात आहे.