नवी किडनी कुठे उगवते का?

नाशिकजवळ एकलहऱ्याला निघाले की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. तिथल्या एका शेतकऱ्याच्या ओट्यावर चहा घेत बसलो होतो. बोलता बोलता त्यांनी विचारले, "भाऊ, पोराच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. एक जण सांगतो, स्टेम सेलचं इंजेक्शन दिलं की नवी किडनी तयार होते. एक एकर काढायचा विचार चाललाय. खरं आहे का हे?"

हा प्रश्न एका घरापुरता नाही. म्हणून त्याचे उत्तर सर्व वाचकांसाठी देत आहोत.

मूलपेशी म्हणजे काय?

स्टेम सेलला मराठीत मूलपेशी म्हणतात. द्राक्षाच्या काडीवरचा डोळा फुटला की त्यातूनच पाने, फूट आणि घड येतात. मूलपेशीचेही तसेच आहे. ती आपल्यासारख्या आणखी पेशी तयार करते आणि गरजेप्रमाणे रक्ताची किंवा कातडीची पेशीही बनते. आपल्या हाडांच्या मगजातल्या मूलपेशी जन्मभर नवे रक्त तयार करत असतात.

जे साधले आहे

हा मगज एकाचा काढून दुसऱ्याला देता येतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली भारतातले असे पहिले रोपण झाले. रक्ताच्या कर्करोगावर आज हा मान्य उपचार आहे.

दुसरे उदाहरण डोळ्याचे. तंबाखूच्या चुन्याची डबी मुलांच्या हाती लागते, चुना डोळ्यात उडतो आणि बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी जळतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत चांगल्या डोळ्याच्या कडेचा इवलासा तुकडा घेऊन पेशी वाढवतात आणि भाजलेल्या डोळ्यावर लावतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार अशा २०० रुग्णांपैकी १४२ जणांना गुण आला.

किडनीचे गाडे कुठे अडले?

अमेरिकेत डॉ. अँथनी अटाला यांनी सात मुलामुलींच्या स्वतःच्या पेशींपासून मूत्राशयाचा भाग वाढवून त्यांना बसवला. ही हकीगत २००६ साली जाहीर झाली. पण मूत्राशय म्हणजे एक पिशवी. किडनी तशी नव्हे. एकेका किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. प्रत्येकीला रक्ताची वाहिनी लागते आणि पाणी बाहेर न्यायला नळी लागते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली मूलपेशींपासून किडनीसारखा चिमुकला गोळा वाढवला. औषधे तपासायला तो उपयोगी आहे, पण माणसाचे रक्त गाळण्याचे काम त्याच्याने होत नाही. रोप उगवले म्हणून बाग धरली असे होत नाही. पाटपाणी, मांडव सारे उभे राहावे लागते. संशोधन चालू आहे, पण माणसात बसवून चालेल अशी उगवलेली किडनी आज कुठेही मिळत नाही.

मग करायचे काय?

इंजेक्शनाने नवी किडनी होते असे कोणी म्हटले, तर विसार घेण्याआधी विचारा: ही सरकारमान्य चाचणी आहे का? कागद दाखवाल का? पैसे कशाचे घेता? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे मान्य चाचणीबाहेर असे उपचार करणे अनुचित आहे आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत.

खरा मार्ग जुनाच आहे. १९९४ च्या कायद्याप्रमाणे आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा-बायको, मुले किडनी देऊ शकतात. घरात कोणाची जुळत नसेल, तर मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत मृत दात्याच्या किडनीसाठी प्रतीक्षा यादीत नाव घालता येते. तोवर डायलिसिस चुकवू नये. त्याच्या खर्चासाठी सरकारी योजनेची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. आणि घरात कोणाला मधुमेह वा रक्तदाब असेल, तर लघवी व रक्त वेळोवेळी तपासून घ्यावे. किडन्या बहुधा याच दोन रोगांनी जातात.

एवढे सांगितल्यावर ते गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. दाराआड उभी असलेली मुलाची आई मात्र पुढे आली आणि म्हणाली, "वावर राहू द्या. आधी माझी किडनी जुळते का ते बघा."