घाटावरची बारी हार्डडिस्कमध्ये अडकली तर

डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि जुन्नर-आंबेगावच्या घाटांवर पुन्हा भंडारा उधळला जाऊ लागला. सोबत कॅमेरेही आले. दिवसभराचं चित्रीकरण संध्याकाळी पोर्टेबल हार्डडिस्कमध्ये टाकायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या यात्रेसाठी कार्ड रिकामं करायचं, असं बरेचजण करतात. म्हणजे सगळ्या बाऱ्या त्या एका डिस्कवर. तीच लॅपटॉपला दिसेनाशी झाली की हातपाय गळतात. बारी म्हणजे शर्यतीच्या घाटावरची एका गाड्याची धाव, बारा-तेरा सेकंदांची. गाडामालकाला ती पुन्हा पळवून दाखवा म्हणता येत नाही.

अशा वेळी डिस्क सतरा वेळा काढघाल करू नका. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा डिस्क ठणठणीत असते.

आधी कान लावा

डिस्क टेबलावर ठेवून जोडा आणि तिच्यावर बोट टेकवा. बारीक थरथर जाणवली, एकसारखी घुरघुर ऐकू आली तर मोटर फिरते आहे. बिघाड केबलमध्ये, पोर्टमध्ये किंवा विंडोजमध्ये शोधा. काहीच हालचाल नसेल तर बहुधा वीज पोचत नाही. ठरावीक अंतराने टक... टक... येत असेल तर केबल आणि पोर्ट एकदाच बदलून पाहा, कारण वीज कमी पडली तरी असा आवाज येतो. तरीही टकटक चालूच राहिली तर डिस्क काढा आणि पुन्हा जोडू नका. आत डेटा वाचणारं हेड अडखळतंय. ती जितका वेळ फिरेल तितकं नुकसान वाढेल. ती थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्यायची. एसएसडीला मोटरच नसते, तिथे ही परीक्षा चालत नाही.

वीज आणि केबल

खरी गोम बहुतेकदा इथेच असते. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० चा ९००. अडीच इंची डिस्कची मोटर सुरू होताना सर्वांत जास्त वीज ओढते. त्याच वेळी एका साध्या हबवर माउस, कार्डरीडर आणि डिस्क असं सगळं लटकलेलं असेल तर डिस्क फिरायला लागते आणि लगेच बसते. हब काढा, डिस्क थेट लॅपटॉपला लावा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला तर स्वतःचा अडॅप्टर लागतोच.

केबलची पिन नीट बघा. मध्ये खाच असलेली रुंद, चपटी पिन बॅगेत दाबली गेली की सैल होते. जरा धक्का लागला की डिस्क गायब. टाइप-सी असेल तर आणखी एक फसगत होते. मोबाइलच्या काही स्वस्त चार्जिंग केबलींत डेटाच्या तारा नसतातच. दिवा लागतो, डिस्क फिरते, लॅपटॉपला मात्र पत्ता नाही.

विंडोज काय म्हणतंय

विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तिथे डिस्क योग्य आकारासह दिसते, पण तिला ड्राइव्हचं अक्षर नाही, असं असेल तर उजवं क्लिक करून अक्षर द्या; काम झालं.

‘फॉरमॅट करायचं का?’ किंवा ‘इनिशिअलाइज करा’ अशी चौकट आली तर ‘कॅन्सल’. इथे कळकळीने सांगतो, घाईत ‘ओके’ दाबू नका. पुण्याच्या एडिटरकडून आलेली डिस्क मॅकवर तयार केलेली असेल तरी विंडोज फॉरमॅटचाच आग्रह धरतं, कारण मॅकची रचना त्याला वाचता येत नाही. ती डिस्क मॅकला लावली की सगळं जसंच्या तसं दिसतं.

दिसली की लगेच

डिस्क उघडली म्हणून एडिटिंगला बसू नका. दुरुस्तीचे प्रोग्रामही आत्ता नकोत, कारण ते डिस्कवर लिहितात. आधी दुसरी डिस्क जोडा आणि ज्या बाऱ्यांची दुसरी प्रत कुठेच नाही, त्या सर्वांत पहिल्यांदा उतरवून घ्या.