मर्यादित पाच पानी ड्रॉ पोकर

मर्यादित पाच पानी ड्रॉ पोकर हा ५२ पानांच्या एका जोडाने खेळला जाणारा पत्त्यांचा खेळ आहे. प्रत्येक खेळाडूस पाच पाने पालथी वाटली जातात व नको असलेली पाने एकदा बदलता येतात. पैजेची रक्कम आधीच ठरलेली असल्यामुळे त्यास ‘मर्यादित’ म्हणतात. महाराष्ट्रात रमी आणि तीन पत्ती या खेळांच्या तुलनेत हा प्रकार कमी परिचित आहे. तथापि खेळातील नशीब आणि कौशल्य यांचे प्रमाण, तसेच त्याच्याशी निगडित कायद्याचा प्रश्न समजून घेण्यासाठी तो उपयुक्त ठरतो.

खेळाचे स्वरूप

वाटपापूर्वी प्रत्येक खेळाडू ठरावीक रक्कम मध्यभागी ठेवतो. तीन पत्तीतील ‘बूट’ तो हाच. या सामाईक रकमेस पॉट म्हणतात. वाटपानंतर पैजेची पहिली फेरी, त्यानंतर पानांची अदलाबदल आणि शेवटी पैजेची दुसरी फेरी होते. दुसऱ्या फेरीतील पैज सामान्यतः पहिलीच्या दुप्पट असते. उदाहरणार्थ, पहिल्या फेरीत १० चकत्या व दुसऱ्या फेरीत २०. एका फेरीत पैज किती वेळा वाढवता येईल यासही मर्यादा असते. अखेरीस एकाहून अधिक खेळाडू उरल्यास पाने उघडून निकाल लावतात.

हातांची श्रेणी

पाच पानांचे एकूण २५,९८,९६० संच संभवतात. जो संच दुर्मीळ, तो श्रेष्ठ, हे श्रेणीचे तत्त्व आहे.

- एकाच रंगाचा क्रम : ४०
- चार सारखी पाने : ६२४
- फुल हाउस (तीन सारखी व एक जोडी) : ३,७४४
- एकच रंग : ५,१०८
- क्रम : १०,२००
- तीन सारखी पाने : ५४,९१२
- दोन जोड्या : १,२३,५५२
- एक जोडी : १०,९८,२४०
- यांपैकी काहीही नाही : १३,०२,५४०

तीन पत्ती खेळणाऱ्यांची येथे एका बाबतीत गल्लत होते. तीन पत्तीत क्रम (सिक्वेन्स) हा रंगापेक्षा (कलर) श्रेष्ठ असतो. पोकरमध्ये याच्या उलट आहे. तीन पानांच्या २२,१०० संचांत साधे क्रम ७२० व रंग १,०९६ असल्याने तेथे क्रम दुर्मीळ ठरतो, तर पाच पानांत रंग दुर्मीळ ठरतो.

नवशिक्यांसाठी डावपेच

हातांची निवड : गुलामांची जोडी किंवा त्याहून चांगला हात वाटपातच मिळण्याची शक्यता सुमारे २०.६ टक्के, म्हणजे साधारण पाचांत एक आहे. त्यामुळे बहुतांश डाव सुरुवातीसच सोडून देणे हा या खेळाचा पहिला धडा मानला जातो. एखादा एक्का हाती आहे एवढ्यावरून डावात राहणे, ही नवशिक्यांची सर्वांत महागडी सवय असते.

बसण्याची जागा : ज्याची पाळी उशिरा येते, त्यास इतरांचे निर्णय आधी कळतात. पाच खेळाडूंची पाळी बाकी असेल, तर त्यांपैकी किमान एकाकडे गुलामांची जोडी किंवा त्याहून चांगला हात असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के असते. दोघेच बाकी असतील, तर ती सुमारे ३७ टक्क्यांवर येते. म्हणून आरंभीच्या पाळीत एक्के किंवा राजे यांसारखी मोठी जोडी आवश्यक मानतात, तर अखेरच्या पाळीत त्याहून लहान जोडीवरही डाव उघडता येतो.

अदलाबदलीचे गणित : स्वतःची पाच पाने वगळता ४७ पाने अज्ञात असतात. जोडी ठेवून तीन पाने बदलल्यास हात सुधारण्याची शक्यता सुमारे २८.७ टक्के असते. दोन जोड्यांवर एक पान बदलल्यास ती केवळ ८.५ टक्के असते. म्हणूनच लहान दोन जोड्या असलेला खेळाडू पैज वाढवून प्रतिस्पर्ध्यांची संख्या आधीच कमी करण्याचा प्रयत्न करतो.

एकाच रंगाची चार पाने असताना पाचवे मिळण्याची शक्यता ४७ पैकी ९ आहे, म्हणजे प्रमाण सुमारे ४.२ ला १ प्रतिकूल असते. दोन्ही टोके मोकळी असलेला क्रम ४७ पैकी ८ वेळा पूर्ण होतो. मधले एकच पान हवे असेल, तर ४७ पैकी ४ वेळाच. पॉटमध्ये ५० चकत्या असून डावात राहण्यास १० लागत असतील, तर मोबदला ५ ला १ होतो. तो रंगाच्या प्रयत्नास पुरेसा आहे. मधल्या पानाच्या प्रयत्नास १०.७५ ला १ लागत असल्याने तो तोट्याचा ठरतो.

प्रतिस्पर्ध्याचे वाचन : तीन पाने बदलणाऱ्याकडे बहुधा एक जोडी असते. एक पान बदलणाऱ्याकडे दोन जोड्या असतात किंवा तो रंग वा क्रम जुळवत असतो. एकही पान न बदलणारा पूर्ण झालेला हात दाखवत असतो किंवा हूल देत असतो.

दुसरी फेरी : प्रतिस्पर्ध्याने एक पान बदलले असता केवळ एका जोडीवर पैज लावणे सहसा निरर्थक ठरते. त्याचा रंग वा क्रम जुळला नसेल, तर तो डाव सोडतो. जुळला असेल, तर पैज वाढवतो. मर्यादित प्रकारात हूल देण्यासही मर्यादा पडतात. पॉटमध्ये ६० चकत्या असताना २० ची हूल दिल्यास समोरच्यास २० देऊन ८० मिळण्याची संधी असते. पाचांपैकी एकदा अंदाज बरोबर आला तरी त्याची बरोबरी होते. त्यामुळे तो सहजासहजी डाव सोडत नाही.

नशीब, कौशल्य आणि कायदा

एका डावाचा निकाल बव्हंशी पानांवर अवलंबून असतो. निर्णयांचा परिणाम अनेक डावांच्या बेरजेत दिसतो. हाच भेद भारतीय कायद्यातही महत्त्वाचा ठरला. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ (आता महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा) याच्या कलम १३ नुसार निव्वळ कौशल्याच्या खेळांस हा कायदा लागू होत नाही. १९६७ मध्ये आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा, तर तीन पानी खेळ निव्वळ नशिबाचा असल्याचे म्हटले. मात्र पैज लावून चाललेल्या खेळातून क्लबचालक नफा मिळवत असल्यास गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असेही त्याच निकालात नमूद आहे.

पोकरबाबत एकमत नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकर जुगाराच्या व्याख्येतून वगळला आहे, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरवला. गोव्यात १९७६ च्या कायद्यानुसार परवानाधारक कॅसिनो चालतात. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोविषयक कायदा केला होता. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदीची तरतूद आहे.

सोलापूर जिल्ह्यात १८८७ च्या कायद्याची अंमलबजावणी दोन यंत्रणांकडे आहे. सोलापूर शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते, तर पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट आदी तालुके सोलापूर ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत आहेत. कायद्यानुसार आयुक्तालयाच्या हद्दीत छाप्याचे अधिकार आयुक्तांच्या आदेशाने मिळतात.

नफ्याचा मुद्दा डावपेचांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. चालक प्रत्येक पॉटमधून आपला वाटा (नाल) काढून घेत असल्यास खेळाडूंमध्ये वाटली जाणारी एकूण रक्कम प्रत्येक डावागणिक घटते. अशा स्थितीत वर दिलेले गणित काटेकोरपणे पाळणारा खेळाडूही दीर्घकाळात तोट्यात जाऊ शकतो.