रावणाच्या घरातली माणसे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दसऱ्याला उत्तरेकडे रावण जाळतात तेव्हा त्याच्या एका बाजूला कुंभकर्णाचा पुतळा असतो आणि दुसऱ्या बाजूला मेघनादाचा, म्हणजे इंद्रजिताचा. आपल्याकडेही बऱ्याच शहरांत आता हा कार्यक्रम होतो. फटाके वाजतात, मुले टाळ्या पिटतात, फुगेवाल्यांचा धंदा होतो. त्या तीन पुतळ्यांकडे जरा नीट पाहिले, तर लक्षात येते की आपण एक घर जाळतो आहोत. थोरला भाऊ, धाकटा भाऊ आणि मुलगा. कुंभकर्णाने सीता पळवली नव्हती, इंद्रजितानेही नाही. ते तिथे उभे आहेत ते नात्यापायी.

आज मला या नात्याविषयी बोलायचे आहे. दुष्ट माणूस आपल्या माणसांवर खरोखर प्रेम करतो का? आणि करत असेल, तर त्या प्रेमाचे आपण काय करायचे?

आपल्या हिंदी सिनेमाने या प्रश्नाला सोयीस्कर बगल दिली. ‘शोले’तला (१९७५) गब्बर घ्या, ‘मिस्टर इंडिया’तला (१९८७) मोगँबो घ्या. यांना आई नाही, बायको नाही, पोरबाळ नाही. लेखकाने मुद्दामच दिलेले नाही. गब्बर रात्री तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी बसलेला दिसला असता, तर आपल्याला त्याचा मनसोक्त राग करता आला नसता. तिकीट काढून आलेल्या माणसाला राग तरी पुरता करू द्यावा, असा त्यात हिशेब असतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या कवींनी हा हिशेब पाळला नाही.

वाल्मीकींचे युद्धकांड पाहा. आपल्या मनात रावण म्हणजे दहा तोंडे, वीस हात आणि गडगडाटी हसू. युद्धकांडातला रावण मात्र पुन्हा पुन्हा रडतो. त्याआधीच, सुंदरकांडात, त्याचा कोवळा मुलगा अक्षकुमार हनुमंताच्या हातून मारला गेलेला असतो. मग कुंभकर्ण जातो. हा कुंभकर्ण झोपेतून उठवल्यावर आधी रावणाला चार कडक शब्द सुनावतो, तू केलेस ते चूक केलेस म्हणतो, आणि तरीही भावासाठी लढायला निघतो. तो पडल्याची बातमी येते तेव्हा रावण म्हणतो की माझा उजवा हातच गेला. विभीषणाचे ऐकले नाही याची आठवणही त्याला तेव्हा होते. पुढे त्रिशिरा, देवांतक, नरांतक, अतिकाय असे चार मुलगे एकाच लढाईत जातात. आणि शेवटी इंद्रजित.

इंद्रजित गेल्याचे कळताच रावण बेशुद्ध पडतो. शुद्धीवर आल्यावर त्याचा जो विलाप आहे, तो कोणत्याही बापाचा आहे. तो म्हणतो, अरे, माझे अंत्यसंस्कार तू करायचेस, आणि हे उलटेच झाले. आईला, बायकोला, मला टाकून तू कुठे गेलास? या जागी रावणाचे नाव झाकून ठेवा आणि कुणालाही ऐकवा. गावातल्या कुठल्याही घरी तरणाताठा मुलगा गेल्यावर बाप हेच बोलतो. हे अश्रू खोटे आहेत, ढोंग आहे, असे वाल्मीकी कुठेही सुचवत नाहीत.

पण कवी तिथे थांबत नाही. रडून झाल्यावर रावण तलवार उपसतो आणि अशोकवनाकडे धावत सुटतो, सीतेला ठार मारायला. सुपार्श्व नावाचा त्याचा एक मंत्री त्याला अडवतो म्हणून ती वाचते. मला रामायणातली ही जागा फार महत्त्वाची वाटते. मुलाच्या दुःखाने बापाचे काळीज फाटते आणि त्या फाटलेल्या काळजातून बाहेर येते ती एका कोंडलेल्या, निःशस्त्र बाईवर उगारलेली तलवार. रावणाचे प्रेम खरे आहे म्हणूनच ती तलवारही खरी आहे.

शूर्पणखेची गोष्ट आपण नाकाच्या पुढे नेत नाही. नाशिकचे नावच तिच्या नासिकेवरून पडले असे लोक सांगतात. पंचवटीत गेलो की ती कथा ऐकायला मिळतेच. बहिणीचे नाक-कान कापले म्हणून भाऊ चिडला, असे आपण धरून चालतो. आता उत्तरकांड उघडा. अभ्यासक हे कांड मागाहून जोडलेले मानतात, पण ज्याने जोडले त्याला माणूस कळत होता. तिथे शूर्पणखेचा नवरा विद्युज्जिव्ह कालकेयांशी झालेल्या लढाईत मारला जातो, आणि मारणारा असतो खुद्द रावण. बहीण त्याच्या पायाशी पडून आक्रोश करते, तूच मला विधवा केलेस म्हणते. रावण तिची समजूत घालतो. लढाईच्या भरात आपला-परका कळला नाही, असे सांगतो. मग खराबरोबर, चौदा हजार राक्षस देऊन, तिची दंडकारण्यात मानाने सोय लावतो. त्याला तिचे वाईट वाटले नसेल असे मी म्हणणार नाही. पण विजयाच्या आड आलेला मेहुणा गेला, आणि नंतर बहिणीला जहागीर मिळाली. तिचा अपमान झाल्यावर सूड म्हणून त्याने काय केले, तर दुसऱ्याची बायको उचलून आपल्या घरी आणली. यात बहीण कुठे आहे?

मारिओ पुझोच्या कादंबरीवरून आलेला ‘गॉडफादर’ (१९७२) पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातला मायकेलही घराण्यासाठीच सगळे करतो आणि बहिणीच्या नवऱ्याला मारवतो. दुसऱ्या भागात (१९७४) तर सख्ख्या भावाला. हजारो वर्षे आणि सात समुद्र मध्ये पडले तरी मेहुण्याची गत तीच.

माझे नाव ऐकून काही जण विचारतात, तुम्हाला या कथा इतक्या कशा ठाऊक? आमच्या गावात श्रावणात श्रीधरस्वामींचा ‘रामविजय’ लागायचा. १७०३ साली पुरी झालेली ही पोथी, आणि तिच्या ओव्या ऐकायला आमची अम्मा देवळाच्या बाहेरच्या ओट्यावर बसायची. तिला अक्षरओळख नव्हती. इंद्रजित मेल्यावर त्याची बायको सुलोचना त्याचे शिर मागायला रामाच्या छावणीत जाते, तिथे अम्मा पदराने डोळे पुसायची. वाल्मीकींच्या रामायणात ही सुलोचना नावाने कुठे भेटत नाही. ती पुढच्या कवींनी आणि लोकांनी उभी केली. लोकांना राक्षसाच्या बायकोचे दुःख हवे होते. (कन्नडमधला पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ हाच होता, १९३४ सालचा, आणि त्याचे चित्रण आपल्या कोल्हापुरात झाले होते.) बंगालीत मायकेल मधुसूदन दत्तांनी १८६१ मध्ये ‘मेघनादवध’ काव्य लिहिले. त्यात रावण पुत्रशोकात बुडालेला आहे. मला त्यातली चित्रांगदा आठवते. तिचाही मुलगा, वीरबाहू, युद्धात गेलेला आहे. ती भर दरबारात येऊन रावणाला विचारते की हे युद्ध कुणाच्या कर्माने लंकेच्या दारात आले? रावणाइतकेच तीही रडते आहे, पण तिचे रडणे त्याला जाब विचारते.

हे सगळे पुराणातले झाले असे कुणी म्हणेल. विसाव्या शतकात या. आउशवित्झच्या छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ हेस आपल्या बायकोसह आणि पाच मुलांसह छावणीच्या भिंतीला लागून असलेल्या बंगल्यात राहायचा. बंगल्याला बाग होती. धाकटी मुलगी तिथेच १९४३ साली जन्मली. हाच माणूस लाखोंच्या हत्येची व्यवस्था पाहत होता. युद्धानंतर त्याला पोलंडमध्ये फाशीची शिक्षा झाली आणि एप्रिल १९४७ मध्ये त्याच छावणीच्या आवारात ती अमलात आली. त्याआधी त्याने बायकोला आणि मुलांना निरोपाची पत्रे लिहिली. जर्मन दिग्दर्शकांनी, इंग्रज दिग्दर्शकांनी या घरावर सिनेमे केले. २०२३ साली आलेला ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ त्यातला अलीकडचा. तो पाहून बाहेर पडताना एक तरुण मला म्हणाला, ‘काका, तो घरी इतका साधा कसा?’ मी म्हटले, बाळा, घरी साधे असणे हे काही अवघड काम नाही.

आमच्या वस्तीत एक हातभट्टीवाला होता. नाव सांगत नाही, त्याची माणसे आहेत. पोरीला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचा. दांडीला त्याने मऊ टॉवेल गुंडाळला होता. पावसात तिच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद धरून एका हाताने सायकल चालवायचा. स्वतःच्या घरात दारूचा थेंब येऊ द्यायचा नाही, भावालाही नाही. त्या पोरीच्या बाकावर बसणाऱ्या दुसऱ्या पोरीचा बाप त्याच्याच भट्टीवर पिऊन पिऊन मेला. तिची शाळा सुटली, ती आईबरोबर खुरपायला जाऊ लागली. भट्टीवाल्याने त्यांच्या घरी दोन पोती ज्वारी पाठवली. त्या बाईने ती दारातूनच परत केली. घरात दाणा नसताना केली. वस्तीत काही लोक म्हणाले, बाईला माज आहे. मला तसे वाटले नाही. तिला एवढेच दिसत होते, की या माणसाला पोरगी म्हणजे काय ते पुरते ठाऊक आहे.

म्हणून ‘बिचारा आपल्या पोरांसाठी करतो’ हे वाक्य कानावर आले की मी सावध होतो. लाच खाणारा पोरांसाठी खातो, वाळू उपसणारा पोरांसाठी उपसतो. ते खोटे बोलत नाहीत, हीच तर अडचण आहे. महाभारतात धृतराष्ट्रही खोटे बोलत नाही. द्यूत चालू असताना तो आंधळा राजा अधीर होऊन पुन्हा पुन्हा विचारतो, जिंकले का, जिंकले का? त्याचा जीव मुलात आहे. दुर्योधन जन्मला तेव्हाच विदुराने त्याला टाकून द्या असे सुचवले होते. कोणत्या बापाने ते ऐकले असते? पण नंतर सभेत सून ओढून आणली गेली तेव्हा बोलायला कुणाची बंदी होती? युद्ध संपल्यावर तो भीमाला मिठी मारायला बोलावतो. कृष्ण ओळखून असतो, तो भीमाचा लोखंडी पुतळा पुढे करतो. म्हातारा त्याचा चुरा करतो आणि मग, भीम मेला असे समजून, भीमासाठी रडू लागतो. ते रडणेही खरेच असावे.

त्याच घरात गांधारी होती. मुले तिचीही शंभर होती. पण तिने नवऱ्याला सांगितले होते, या दुर्योधनाला टाका, नाहीतर कुळ जाईल. युद्धाआधी मुलगा आशीर्वाद मागतो तेव्हा जिकडे धर्म तिकडे जय, एवढेच तिच्या तोंडून निघते. तिचे प्रेम कमी होते असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुले गेल्यावर तिचा संताप एवढा होता, की पट्टीखालून युधिष्ठिराच्या पायांवर नजर पडताच त्याची नखे काळवंडली.

स्त्रीपर्वात तिला रणभूमी दिसते. दुर्योधनापाशी ती कोसळते. पण नंतर ती पुढे जाते आणि कृष्णाला एकेक प्रेत दाखवत राहते. कर्ण, द्रोण, जावई जयद्रथ. अभिमन्यूपाशी थांबते. हा पोरगा तिच्याच पक्षाच्या लोकांनी घेरून मारलेला. कोवळी उत्तरा त्याच्या अंगावरून हात फिरवते आहे, त्याचे रक्ताने भिजलेले केस सारखे करते आहे, हे गांधारी बारकाईने सांगते, जणू आपल्याच सुनेचे सांगावे.

आणि हे सगळे सांगून झाल्यावर तीच बाई कृष्णाकडे वळते आणि शाप देते: आजपासून छत्तिसाव्या वर्षी तुझेही नातलग असेच एकमेकांना मारून मरतील, आणि तुझ्या घरच्या बायका अशाच रडतील.